घुसळखांबाचं वय

आमचं घर मोडायला एक सकाळ पुरली. जंगलखात्याचा नाकेदार आला, त्याच्याबरोबर चार गडी आले. त्यांनी आधी धाब्यावरची माती खाली ढकलली, मग कड्या काढल्या, मग तुळया, आणि शेवटी खांब उपटले. भिंती तशाच उभ्या राहिल्या. त्यांना कोणी हात लावला नाही, कारण माती सरकारची नव्हती. लाकूड मात्र सरकारी जंगलातून चोरलेलं होतं, असं सरकारचं म्हणणं.

मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. माय आतून भांडीकुंडी बाहेर आणत होती. घुसळखांबाला बांधलेली रवी तेवढी राहिली होती. गडी त्या खांबाला भिडले तशी माय पदर खोचून मध्ये शिरली. "थांब रे भाऊ, मन्ही रवी सोडू दे." गडी थांबला. रवी आमच्याकडे दोरीच्या दोन वेढ्यांनी खांबाला धरलेली असते, एक वेढा वर, एक खाली. मायनं दोन्ही वेढे सावकाश सोडवले, दोरी गुंडाळली, रवी काखेत मारली आणि बाजूला झाली. मग खांब पडला. इतक्या वर्षांच्या घासण्यानं त्या सागाला दोन खोल खाचा पडल्या होत्या, आणि खांब आडवा झाल्यावर त्या आभाळाकडे उघड्या झालेल्या मी पाहिल्या.

आबा गाडीच्या चाकाशी उभा होता. (आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात. मी कॉलेजात शिकलो, तरी कागदावर त्याला 'अहो-जाहो' करायला माझा हात धजत नाही.) लाकडं गाडीवर चढली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "खांब जुना शे. मन्हा बापनी आनेल शे. दगडना आगोदर."

दगड म्हणजे जंगलाच्या हद्दीचे दगड. आमचं गाव विसरवाडीच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीला. तिथल्या जंगलाला सरकारनं हद्द घातली, दगड रोवले, आणि त्या दिवसापासून आतला साग तोडणं हा गुन्हा झाला. त्याच्या आधी तोडलेला साग ज्याचा त्याचा. तेव्हा सगळा प्रश्न एवढाच होता, की आमचे खांब दगडांच्या आधी तोडलेले की नंतर?

पंच म्हणून गावातल्या एका वजनदार शेतकऱ्याला बोलावलं होतं. मी त्यांना पंचबाबा म्हणेन. त्यांनी सांगितलं, हे घर दुष्काळानंतर उभं राहिलं, मी स्वतः उभं राहताना पाहिलं आहे. दुष्काळ म्हणजे छप्पन्नचा. आमच्याकडे गुजरातेचा संवत चालतो, त्यातलं ते छप्पन्नचं साल. दगड आधी लागले होते, दुष्काळ नंतर पडला. घर दुष्काळानंतरचं, म्हणजे लाकूड दगडांनंतरचं, म्हणजे चोरीचं. हिशेब सरळ होता. पंचबाबांनी अंगठा उठवला आणि आबा चोर ठरला.

आबानं त्याच दिवशी चावडीसमोर सांगितलं, "जोवर माले चोर म्हनतस, तोवर ह्या गावनं पानी पिवाव नही." आणि आम्ही शेतातल्या खोपटात राहायला गेलो.

लोकांना आधी वाटलं, चार दिवसांचा राग असेल. आबाचा राग चार दिवसांचा नव्हता. गावात मयत झाली तर तो जायचा, खांदा द्यायचा, आणि कोरड्या ओठांनी परत यायचा. लग्नाला जायचा, मांडवाबाहेर उभा राहून अक्षता टाकायचा. उन्हाळ्यात कोणी तांब्या पुढे केला तर हात जोडायचा. पोरं त्याला 'उंट' म्हणू लागली. "उंट उना रे, उंट उना!" मला शाळेत 'उंटाचं पिल्लू' म्हणत. त्यात एक बरं होतं, 'चोराचं पोर' म्हणण्यापेक्षा ते ऐकायला सोपं होतं.

खोपटातल्या तिसऱ्या पावसाळ्यात माय हिवतापानं गेली. रवी वळचणीला खोचलेली होती. म्हैस आधीच विकली गेली होती, तेव्हा रवीला ताक घुसळायचं काम उरलं नव्हतंच.

मी शिकलो. यात दुसऱ्या कोणाचा हात नव्हता असं म्हणणार नाही, मास्तर होते, शिष्यवृत्ती होती. पण खोपटात दिव्याच्या काजळीनं नाक काळं करून घेणारा मीच होतो. आमच्या सगळ्या भाऊबंदांत सही करता येणारे दोघं, आणि बी.एस्सी. झालेला मी पहिला. हे मी छाती काढून सांगतो, कारण ते छाती काढून सांगण्यासारखं आहे.

पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षी मी एकदा वर्गात उठून म्हणालो, "मला शंका शे, सर." सगळा वर्ग हसला. त्यानंतर मी 'आहे' म्हणायला शिकलो, इतका की सुट्टीत खोपटात आल्यावर आबाशी बोलताना तोंडून 'आहे' निघालं. आबानं भाकरीवरून मान वर केली. "काय आहे?" तो म्हणाला, आणि पुन्हा जेवू लागला. त्या दिवसापासून मला दोन्हीकडे बोलताना आधी मनात तोलून बघावं लागे. असं तोलत बसणाऱ्या माणसाला मित्र होत नाहीत. मला झाले नाहीत.

वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकदा सागाची आडवी कापलेली चकती टेबलावर ठेवली. म्हणाले, आपल्याकडच्या बहुतेक झाडांच्या पोटातल्या वलयांवर भरवसा ठेवता येत नाही, पण साग उन्हाळ्यात पानं गाळून झोपतो आणि पावसाळ्यात उठतो, म्हणून दर वर्षी एक वलय घालतो. पाऊस चांगला तर वलय रुंद, पाऊस रुसला तर अरुंद. मग ते सहज म्हणाले, की परदेशात कोणी वाळवंटातल्या जुन्या घरांच्या तुळयांची वलयं जिवंत झाडांच्या वलयांशी जुळवून त्या घरांची वयं काढली आहेत.

बाकीच्या मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी काही उतरवलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे आडवा पडलेला घुसळखांब होता.

पदवी घेतल्यावर मी नोकरी धरली ती जंगलखात्याची. तोडलेल्या सागाच्या बुंध्यांवरची वलयं मोजून झाडांची वाढ काढायची, असं ते काम. आबाला सांगायला गेलो तेव्हा तो बैलाला पाणी पाजत होता.

"ज्यासनी घर मोडं, त्यासनीच भाकर खाशी का तू?"

"आबा, तिथंच आपला खांब शे."

"मंग? खांबले मिठी मारीसन बठशी?"

मी पेटी उचलली आणि नवापूरला गेलो.

आमच्या घराची लाकडं कुठं गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवापूरच्या बाहेर जंगलखात्याचा बंगला होता, त्याच्या व्हरांड्याला ती लागली होती. योगायोग म्हणा किंवा माझा हट्ट म्हणा, मला राहायला खोली मिळाली ती त्याच बंगल्याच्या मागच्या अंगाला. बंगल्यात महिना महिना कोणी उतरत नसे. कोणी साहेब उतरायचे असले तरच खानसामा यायचा. मी दिवसभर डेपोत लाकडांच्या राशींमध्ये भिंग घेऊन वाकलेला असायचो आणि उजेड उतरला की व्हरांड्यात येऊन बसायचो. समोरून सुरतेची गाडी धूर सोडत जायची. तिच्यातली माणसं खिडकीतून बघायची, आणि बंगला गेला की माना फिरवायची.

व्हरांड्याला आठ खांब होते, सगळ्यांना जाड डांबर फासलेलं. माझ्याच घरात मी सरकारचा पाहुणा म्हणून राहत होतो. एखाद्या खांबाला पाठ टेकली की वाटायचं, हा मधल्या खणातला असेल का, हा ओसरीचा असेल का. विचारायला कोणी नव्हतं.

खांब आखूड करताना कापलेली काही टोकं बंगल्यामागे बसायला म्हणून ठेवली होती. त्यातलं एक मी घासून, काचेनं खरवडून, पाण्याचा हात फिरवून साफ केलं. वलयं अशी लखलखीत उठली की नुसत्या डोळ्यांनी मोजता यावीत. डेपोतल्या लाकडांवर मी आधीच काम करून ठेवलं होतं. प्रत्येक ओंडक्यावर तोडणीच्या सालाचा हातोड्याचा शिक्का मारलेला असतो, तेव्हा सालीकडून आत मोजत गेलं की कुठलं वलय कुठल्या सालचं ते कळतं. आणि जिथं छप्पन्नचं साल यायला हवं, तिथं प्रत्येक म्हाताऱ्या सागाच्या पोटात दोन वलयं एकमेकांना चिकटून होती, केसासारखी बारीक. एका झाडात नाही, सगळ्या झाडांत. माणसांनी त्या साली पाला खाल्ला, आणि झाडांनी काही खाल्लंच नाही.

आमच्या टोकात ती दोन बारीक वलयं नव्हती. त्याच्या आधीचा रुंद-अरुंदाचा क्रम मात्र डेपोतल्या सागाशी तंतोतंत जुळत होता, आणि दगडांच्या सालाच्या बऱ्याच आधी येऊन संपत होता. मी धावतच रेंजरसाहेबांकडे गेलो.

रेंजरसाहेब कोकणातले, बोलायला कोरडे, पण ऐकून घेणारे. मी त्यांना सगळं सांगितलं, माझा बाप कोण तेही सांगितलं. त्यांनी चकती हातात घेतली, काठावरून बोट फिरवलं.

"याची साल कुठाय?"

"सुताराने तासली असणार, साहेब. बाहेरचं पांढरं लाकूड किडा खातो, म्हणून ठेवत नाहीत. नुसता गाभा ठेवतात."

"किती तासलं?"

"ते कसं सांगणार?"

"मग तू मला एवढंच सांगितलंस, की हे झाड अमुक सालापर्यंत नक्की जिवंत होतं. मेलं केव्हा, ते कुठं सांगितलंस? तासलेल्या भागात तुझे दगडही गेले असतील आणि तुझा दुष्काळही." त्यांनी चकती परत दिली. "साल असलेला खांब आण. मग बोलू."

बरोबर होतं. मला राग आला तो त्यांचा नाही, बरोबर असण्याचा आला.

साल असलेला खांब एकच होता. आमच्याकडे घराचा पहिला खांब, मुहूर्ताचा, सुतार तीनच अंगांनी तासतो. चौथ्या अंगाची साल राखतो. झाडाची पाठ उघडी करू नये म्हणतात. आमच्या घरात तोच पहिला खांब पुढे घुसळखांब झाला होता. म्हणजे मला आठ खांबांतून मायच्या दोरीच्या दोन खाचा शोधायच्या होत्या.

डांबराचा थर इतका जाड होता, की साल कुठं आणि तासलेलं अंग कुठं ते ओळखू येत नव्हतं. रोज काम उरकलं की मी खांबांशी बसायचो आणि गुडघ्यापासून छातीपर्यंत बोटांनी चाचपायचो. खालचा वेढा गुडघ्याशी असायचा, वरचा छातीशी, हे मला पक्कं आठवत होतं. एकाही खांबाला खाच लागली नाही. पुन्हा चाचपलं. डांबर नखांत जाऊन बोटं काळी राहू लागली. खानसामा एकदा म्हणाला, "साब, खंबे से क्या बात करते हो?" मी म्हणालो, तोच बोलत नाही. खानसाम्याने हसून डोकं हलवलं आणि त्यानंतर तो माझ्यापासून जरा लांबूनच चालायचा.

आमचा खांब इथे नाहीच, असं मला वाटू लागलं. जळणात गेला असेल. त्या दिवसांइतका एकटा मी खोपटातही नव्हतो आणि पुण्यातही नव्हतो, कारण तिथं निदान पुढं काहीतरी होतं.

होळीला आबाकडे गेलो. त्याचे गुडघे धरले होते, चालताना काठी घ्यायचा. गावच्या होळीला गेला नव्हता, खोपटापुढेच चार गोवऱ्या पेटवल्या होत्या. मी त्याला सांगून टाकलं, की खांब सापडत नाही, मी सगळे चाचपले, गुडघ्यापासून छातीपर्यंत.

आबा हसला. तो हसला की खोकला यायचा.

"अरे, सरकारनं समदं उलटं शे. चोरले साव म्हनतस, सावले चोर. खांब बी उलटाच गाडा व्हई!"

तो आपला थट्टेत बोलून गेला. आमच्यात कोणी खांब उलटा लावत नाही. झाडाचा बुंधा खाली, शेंडा वर, जसं झाड उभं होतं तसंच. उलट्या खांबाच्या घरात दिवा लागत नाही म्हणतात. म्हणून माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. पण बंगला बांधणारे आमच्यातले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नवापूरला पोचलो तो पिशवी न ठेवताच स्टुलावर चढलो आणि खांबांची वरची अंगं चाचपू लागलो. पायऱ्यांजवळच्या खांबाला, माझ्या डोक्याच्याही वर, डांबराखाली बोट आत गेलं. त्याच्या वर दीड हातावर दुसऱ्यांदा गेलं. ज्या खांबाला मी सर्वांत जास्त पाठ टेकली होती, तोच. मी दोन्ही खाचांत बोटं घालून स्टुलावर तसाच उभा राहिलो. रस्त्यानं दोन बायका मोळ्या घेऊन जात होत्या, त्या थांबून बघू लागल्या, तेव्हा उतरलो. मागच्या अंगाचं डांबर नखानं सोललं. खाली साल होती.

रेंजरसाहेब स्वतः येऊन बघून गेले. म्हणाले, "सगळ्या खांबांचं बूड वाळवीनं धरलंय. पावसाच्या आधी बूड कापून खाली दगड बसवायचेच आहेत. याचं जे टोक निघेल ते तुझं."

चैत्र गेला, वैशाख लागला, तेव्हा कुठं करवतवाले आले. व्हरांड्याला टेकू दिले. घुसळखांबाचं बूड कापलं, आणि मी ते उचललं तर सालीच्या अंगाचा भाग हातात भुसा होऊन आला. वाळवीनं नेमकं तेच खाल्लं होतं. गाभा शाबूत होता, पण गाभ्याचा मला उपयोग नव्हता.

मी साहेबांकडे बघितलं. करवतवाला म्हणाला, "साहेब, अजून वर घेऊ का?"

"दगड उंच लागेल मग," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घे अजून चार बोटं. दगड उंच बसव."

करवत पुन्हा लागली. मी डोळे मिटले होते हे लिहायला मला लाज वाटत नाही. चकती खाली पडली. डांबर, डांबराखाली साल, सालीखाली पांढरं लाकूड, आणि मग गाभा. सगळं जागच्या जागी. सरकारच्या डांबरानंच आमची साल राखली होती.

दोन दिवस मी ती चकती घासत होतो. मग डेपोतल्या म्हाताऱ्या सागाची चकती शेजारी ठेवली आणि खिडकीच्या उजेडात भिंगानं एकेक वलय जुळवत गेलो. एक अरुंद, दोन रुंद, एक मध्यम, पुन्हा अरुंद. सरकता सरकता क्रम बसला, आणि एकदा बसला तो हललाच नाही. मी तो मोडायचा प्रयत्न केला, एक घर पुढं सरकवून पाहिला, मागं सरकवून पाहिला. कुठंच बसला नाही. सालीखालचं शेवटचं वलय दगडांच्या सालाच्या आधीचं होतं. थोडंथोडकं नाही, तेव्हा आबा स्वतः पाळण्यात कुशीवर वळत असेल इतकं आधीचं.

पण मग पंचबाबा खोटं बोलले होते का? हे मला कळेना. तो माणूस मुद्दाम खोटं बोलणारा नव्हता.

रेंजरसाहेबांनी सगळं तपासलं, वलयं स्वतः मोजली. म्हणाले, "मी वर लिहीन. पण मोडलेलं घर सरकार परत उभं करत नाही, हे तुला सांगून ठेवतो." मी म्हणालो, घर नको आहे. एका माणसाला गावात पाणी प्यायचं आहे.

दोन्ही चकत्या पोत्यात घालून मी गावात गेलो. वाटेत खोपटावरून आबाला घेतलं. तो यायला तयार नव्हता. "आखो हासतीन," म्हणाला, पुन्हा हसतील म्हणून. मी म्हणालो, "हासू दे. इतला दिन 'उंट' आयकं, आते हासनं बी आयकी ले." तेव्हा काठी घेऊन निघाला.

चावडीसमोर, स्वतःच्या अंगणात, बाजेवर पंचबाबा बसले होते. आता फार म्हातारे झाले होते, पण नजर चांगली होती. भोवती सात-आठ माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "बालिस्टर उना रे! लाकूडफाटा लयी उना!"

मी दोन्ही चकत्या बाजेवर मांडल्या. कॉलेजात शिकलेला एकही शब्द वापरला नाही. आमच्याच बोलीत सांगितलं, की साग दर पावसाळ्याला एक रेघ काढतो. पाणी असलं तर रुंद, नसलं तर बारीक.

"लाकूड बोलस का आते?" मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

पंचबाबा हसले नाहीत. त्यांनी डेपोतली चकती जवळ ओढली. "छप्पन कोठे शे, दखाड."

मी त्यांचं बोट धरून त्या दोन केसाएवढ्या रेघांवर ठेवलं. ते बोट तिथून हललं नाही. छप्पन्नमध्ये पंचबाबांच्या घरची माणसं गेली होती, त्यांना स्वतःला सुरतेकडे मजुरीला जावं लागलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. भोवतीची माणसं बाजेवर वाकली.

"इतली बारीक," ते म्हणाले. मग दुसरी चकती ओढली. "आनि आठे?"

"आठे नही, बाबा. ह्या झाडनी छप्पन दखंच नही. तेना पयलेच तोडाई गय. दगडना बी पयले."

त्यांनी चकती मांडीवर घेतली. सालीवरून अंगठा फिरवला, तोच अंगठा. मग म्हणाले, "पन घर दुष्काळनंतर उभं ऱ्हायनं. मी मन्हा डोळाघाई दखेल शे."

आणि आबा बोलला. इतकी वर्षं तो 'खांब जुना शे' याच्यापुढे बोलला नव्हता, आणि कोणी पुढचं विचारलंही नव्हतं. "घर नवंच व्हतं, बाबा. आमनं पयलं घर नदीना काठवर व्हतं. दुष्काळनंतर बापनी ते वर आनं. खांब तेच व्हतात."

आमच्याकडे घर सरकवताना भिंती सोडून देतात आणि खांब बरोबर नेतात. हे तिथल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, प्रत्येकाच्या बापानं कधी ना कधी केलं होतं. पंचबाबांनाही माहीत होतं. त्यांनी नवं घर पाहिलं, आणि खांबही नवे धरले. दोघंही खरं बोलले होते, आणि त्या दोन खऱ्यांच्या मध्ये आमचं घर पडलं होतं.

पंचबाबा बाजेवरून उठले. उठायला त्यांना वेळ लागला. आबाच्या समोर जाऊन उभे राहिले.

"मन्हा अंगठा चुकना," ते म्हणाले. "तू चोर नही. आठे समदासमोर सांगस." मग घराकडे तोंड करून ओरडले, "ओ पोरी, पानी आन! तांब्या धुईसन आन!"

सून तांब्या घेऊन आली. पंचबाबांनी तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतः आबापुढे धरला. आबानं काठी माझ्याकडे दिली. तांब्या दोन्ही हातांनी धरला, आणि तोंडाला न लावता वरून ओतून प्यायला. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. सगळे बघत होते, आणि 'उंट' कोणी म्हणालं नाही.

"गोड शे," तो म्हणाला. "पयलेबी इतलंच गोड व्हतं."

मग ते दोघे बाजेवर बसून नदीकाठच्या जुन्या घराबद्दल बोलू लागले, कुठं कोणाचा गोठा होता, कोणाची म्हैस पुरात गेली. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी चकत्या पोत्यात भरल्या. मला नवापूरची गाडी गाठायची होती, दुसऱ्या दिवशी डेपोत काम होतं. गावाबाहेर येऊन मागं वळून पाहिलं तर आबा अजून बोलत होता, हात हलवत. इतकं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी बंगल्यावर पोचलो. घुसळखांब नव्या उंच दगडावर उभा होता, उलटाच.

पुढे मी पुष्कळ जुन्या घरांच्या, देवळांच्या, गढ्यांच्या लाकडांची वयं काढली. पण पहिलं लाकूड आमच्या घुसळखांबाचं. ते दगडांच्या आधी तोडलेलं होतं, हे मी सिद्ध केलं. माझा बाप चोर नव्हता, आणि तो गावात पाणी प्यायला.